मान कलवली की शांत

ठमीने भिरकावलेलं मशीन सासऱ्यांच्या स्क्रूंच्या डबीत जाऊन पडलं. त्या सकाळची ही चौथी वेळ. मी डबीतून ते शोधून काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा तिच्यामागे धावले.

ठमी माझी मुलगी, अडीच वर्षांची. डावा कान जन्मापासून बंद, उजव्यात थोडंफार ऐकू येतं, आणि त्या थोड्याफारासाठी पाच महिन्यांपूर्वी मिळालेलं हे शेंगदाण्याएवढं गुलाबी श्रवणयंत्र. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जागी असेल तितका वेळ कानात हवं. हीच वर्षं शब्द पकडायची. आत्ता कानावर पडले नाहीत तर पुढे फार जड जाईल. मशीन किती तास घातलं ते मशीनच नोंदवून ठेवतं. मागच्या खेपेला त्यांनी पडद्यावर आकडा दाखवला, दिवसाला सरासरी चाळीस मिनिटं. “इथे तर किती छान घालते,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. पुढच्या सहा आठवड्यांत आकडा वाढला नाही तर वेगळा विचार करावा लागेल, असंही म्हणाल्या. वेगळा म्हणजे कोणता, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

खरं म्हणजे ती त्यांच्या खोलीत छान घालायची, हेच मला खात होतं. त्यांनी घातलं की हसायची, मी घातलं की दहा मिनिटांत रडून ओरबाडून काढायची. म्हणजे दोष कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

दिवसभर आम्ही दोघी सासऱ्यांच्या कामाच्या खोलीत असायचो. नवरा कामावर गेला की घरात दुसरं कुणी नाही, आणि एकटीने तिचं रडणं ऐकत बसायची मला भीती वाटायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करतात. रस्त्याकडेची खोली, भिंतीवर खुंटीला टांगलेल्या गिटारी, टेबलावर सोल्डरचा वास आणि केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची रिळं. बीएस्सीला चुंबकत्वावर मला चांगले मार्क होते, पण गिटारच्या तारांखालचा तो काळा ठोकळा, पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारच की, हे मला लग्नानंतर इथे कळलं. परीक्षा आणि अक्कल यांचं नातं लांबचं.

त्या दिवसांत ठमीने नवंच काढलं होतं. मशीन कानात असलं आणि ती बाबांच्या टेबलापाशी गेली की मान उजव्या खांद्यावर टाकून उभी राहायची. कोंबडीसारखी, एकटक. मी फोनवर शोधलं तर मान वाकडी होण्याचे सहा आजार निघाले. नवरा म्हणाला, तू एक तर फोन बंद कर नाहीतर मला. मी रात्री झोपेत तिची मान चाचपून बघायला लागले.

अशात एक गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा माणूस, खांद्यापर्यंत केस. बाबा त्याला तोंडावर झिपऱ्या म्हणतात आणि तोही ओ देतो. त्याची तक्रार अशी, की गिटार अ‍ॅम्पला जोडली की वाजवायच्या आधीच घूं घूं सुरू होतं. त्याने जोडून दाखवली. खोलीभर भुंगा सोडल्यासारखं झालं. मग तो गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी गोल फिरायला लागला, मोबाईलची रेंज शोधतात तसा. एका ठिकाणी घूं एकदम विरला.

“तिथेच उभा राहून वाजवत जा आयुष्यभर,” बाबा म्हणाले. “बायकोलाही बरं, कुठे जाणार नाहीस.”

मला हसू आलं नाही, पण शांतता नको म्हणून मी विचारलं, असं का होतं. बाबांना समजावून सांगायला आवडतं. भिंतीतल्या वायरी, दिवे, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचा विजेचा गुंजारव हवेत असतो. तो माणसाच्या कानाला लागत नाही, तारेच्या वेटोळ्याला लागतो. वेटोळं आडवं धरलं की लागत नाही, म्हणून हे फिरणं. कायमचा उपाय म्हणजे एकाशेजारी दुसरं वेटोळं बसवायचं, उलट जोडलेलं. बाहेरचा घूं दोघांत सारखाच शिरतो. एकाचा अधिक, दुसऱ्याचा उणे, बेरीज शून्य. मग तारेचा सूरही शून्य होईल की, मी म्हटलं. बाबा खूश झाले. म्हणून चुंबकही उलटा लावायचा. सूर दोनदा उलटतो आणि सुलटा होतो. बाहेरची कटकट दोघांत मिटते, घरातलं बोलणं दुप्पट होतं.

“आमच्या घरी नेमकं उलट जोडलंय,” झिपऱ्या म्हणाला.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते अ‍ॅम्पशेजारी उभ्या ठमीकडे बघत होते. तिची मान खांद्यावर होती. त्यांनी हात लांब करून अ‍ॅम्प बंद केला. ठमीने मान सरळ केली. चालू केला. चेहरा आक्रसला आणि मान हळूहळू कलली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. बाबांनी झिपऱ्याला उद्या ये म्हणून वाटेला लावलं.

“हिची मान दुखत नाहीये,” ते म्हणाले. “ही झिपऱ्यासारखं करतेय. मशीनमध्ये वेटोळं आहे का गं?”

मशीनचं पुस्तक मी तीनदा वाचलं होतं, पिवळ्या रेघा मारून. एकच पान सोडलं होतं, ‘वर्गातील वापर’, कारण शाळा अजून लांब होती. ते पान उघडलं. काही शाळांमध्ये वर्गाभोवती तार फिरवलेली असते. बाईंचं बोलणं त्या तारेतून थेट मशीनमधल्या वेटोळ्यात येतं. त्या वेळी मशीनचा माइक बंद होतो. त्यासाठी बटण एकदा दाबायचं. दिवा दोनदा लुकलुकतो.

दोनदा. मशीन कानात घातलं की मी रोज न चुकता ते बटण दाबायचे. हिरवा दिवा लुकलुकला की माझा जीव भांड्यात पडायचा: चला, चालू आहे. एकदाऐवजी दोनदा लुकलुकतो म्हणजे तब्येत ठणठणीत, असं मी धरून चालले होते. सकाळी मशीनचा आवाज ऐकायची नळी कानांना लावून तपासायचे ते बटण दाबण्याआधी, म्हणून तिथे सगळं ठीक. आणि डॉक्टरीणबाईंना बटण दाबायची गरजच काय?

बाबांनी ती तपासायची नळी माझ्या कानांना लावली आणि मशीन हातात दिलं. मी बटण दाबलं. ते दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे तोंड करून बोलायला लागले. ओठ हलत होते. मला फक्त घूं ऐकू येत होता, जाड, एकसुरी, न थांबणारा. पाच महिने मी तिच्या कानाशी गाणी म्हणत होते, आणि तिला हे ऐकू येत होतं.

मी खाली बसले. मला रडायचंही सुचेना. बाबा शेजारी येऊन बसले, गुडघे कुरकुरत.

“माझ्या हातची एक गिटार सहा वर्षं उलट जोडलेली होती,” ते म्हणाले. “सूर बारीक, घूं दुप्पट. तो बिचारा आपला हातच वाईट समजून रियाज वाढवत बसला. मला कळलं तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तू निदान सहा वर्षं नाही लावलीस.”

“तुमच्या मुलाला कोण सांगणार?”

“तू. मी सांगितलं तर चहाडी होईल.”

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे माइक परत सुरू, आणि ठमीच्या कानात घातलं. बोट बटणाशी गेलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. बाबांनी एक तार छेडली, टुंग. ती वळली. मी तिचं नाव घेतलं, तशी माझ्याकडे वळली आणि माझ्या तोंडात बोट घालून आतून काय येतं ते बघायला लागली. त्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत मशीन कानात होतं. नंतर काढलं ते झोप आली म्हणून.

सहा आठवड्यांनी पडद्यावर आकडा आला, नऊ तास. वेगळ्या विचाराचं नाव निघालं नाही. काय केलंत, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हवापालट झाली, असं काहीतरी सांगता आलं असतं. मी सगळं सांगितलं, दोन लुकलुकण्यांसकट. त्यांनी चष्मा काढला, ते बटण आमच्याकडूनच बंद करून द्यायला हवं होतं म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे केलं. मग ठमीकडे वाकून त्यांनी विचारलं, बाळ, घरी कोण कोण आहे?

ठमीने थोडा विचार केला.

“आई,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “बाबा टुंग.”