मोर्चाच्या दिवशी पाद्री प्रूइट कुठे होते

लॅमारने आणलेला मसुदा ज्युनेटा प्रूइटबाई व्हरांड्यात बसून वाचत होत्या. अलाबामातल्या त्या गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली होती, लॅमारही त्यांतलाच. आता तो वाचनालयात काम करायचा, आणि लहान मुलांसाठी त्याने बाईंच्या वडिलांचं चरित्र लिहिलं होतं. पाद्री एलरॉय प्रूइट, काळ्यांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून ज्यांनी गाव रस्त्यावर उतरवलं ते. शाळेला त्यांचं नाव होतं.

चित्रं छान होती. बाई मान डोलवत पानं उलटत होत्या. मग त्यांचा हात थांबला.

'पहिल्या मोर्चाच्या सकाळी पाद्री प्रूइट न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावून बसले. त्यांना इतकी भीती वाटत होती की पाय उचलेनात. त्यांची बायको ओरा ली हिने दोनदा दार ठोठावलं. मग तिने हॅट घातली आणि बेचाळीस माणसांना घेऊन ती निघाली.'

बाईंनी ते तीनदा वाचलं.

"लॅमार, हे काय लिहिलंयस? बाबांचं त्या दिवशी पोट बिघडलं होतं. शिळा मासा खाल्ला होता त्यांनी. मी नऊ वर्षांची होते, घरातच होते."

"बाई, तुम्हाला तसं सांगितलं होतं."

"कोणी?"

"तुमच्या आईंनीच. आणि खरं काय झालं तेही त्यांनीच सांगितलंय, कॉलेजच्या मुलांना, सत्याऐंशी साली. त्यांच्या आवाजाची फीत आमच्या वाचनालयात आहे."

बाई मसुदा मिटायला लागल्या. "पुढचं पान उलटा," लॅमार हळूच म्हणाला.

पुढच्या पानावर कोर्टाच्या पायऱ्या होत्या, आणि तपकिरी हॅट घातलेल्या ओरा लीच्या डोक्यात, उजव्या कानामागे, पोलिसाचा दंडुका बसत होता.

बाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. आईच्या उजव्या कानामागे बोटभर लांबीचा व्रण होता. तिथे केस उगवत नसत. शेवटची चार वर्षं आईची वेणी बाईच घालायच्या, तो व्रण झाकून. लहानपणी विचारलं तर आई म्हणायची, फडताळाचं दार लागलं गं. साठ वर्षं त्यांनी त्या फडताळावर विश्वास ठेवला होता.

"हे पान काढ," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला पोरांपुढे भित्रा ठरवायचं नाही."

"काढतो, बाई. पण आधी एकदा ऐका."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी फीत ऐकायचं यंत्र कानाला लावलं. आईचा आवाज आला, थोडा खोकत, थोडा हसत. "एलरॉय बाहेर आला तेव्हा माझ्या डोक्याला टाके पडले होते. माझ्या पायाशी बसून रडला बिचारा. मी म्हटलं, रडून झालं की बूट पुसून ठेव, उद्या पुन्हा जायचंय. आणि गेला की तो. त्यानंतर तीनदा तुरुंगात गेला. पण पोरीला सांगू नका हं. तिचा बाप म्हणजे तिचा देव आहे."

बाई बराच वेळ यंत्र काढायला तयार होईनात. लॅमारने पाणी आणून ठेवलं, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "पान राहू दे. पण हॅट निळी कर. आई तपकिरी हॅट आयुष्यात घालायची नाही."

पुस्तक छापून आलं, तेव्हा शाळेत ते वाचून दाखवायला बाईंनाच बोलावलं. न्हाणीघराचं पानही त्यांनी गाळलं नाही.

दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला. "म्हणजे तुमचे बाबा भित्रे होते?"

मास्तरीण तिला गप्प करायला पुढे झाली. बाईंनी मास्तरणीला थांबवलं.

"त्या दिवशी, हो," त्या म्हणाल्या. हे शब्द आपल्याच तोंडून आले, याचा धक्का त्यांना व्हरांड्यात ते पान वाचतानापेक्षाही मोठा बसला. पोरं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवसाचं, बूट पुसून मोर्चाला निघालेल्या बाबांचं पान काढलं.