टिटवीच्या टेबलावरून बाबांच्या हातात

मला पाहिलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे चालतं का अजून?"

चालतं, मित्रांनो. मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. अंगठ्यांनी घासून घासून माझा काळा रंग जागोजागी पांढुरका पडला आहे. एका बटणावरचं अक्षर पुसलं गेलं आहे. डावीकडच्या स्टिकवरचं, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीवरचं, रबर फाटलं आहे. दिवसातला बराच वेळ मी शोकेसच्या खालच्या फळीवर एकटा पडून असतो. बोलायला कोणी नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका माझ्या अंगात एकेक भाग बसवत होत्या. कोणी स्टिक बसवली, कोणी बटणं. शेवटी एका तपासनिसाने मला दोन्ही हातांत धरलं, सगळी बटणं दाबून पाहिली आणि मान डोलावली. माणसाच्या दोन तळव्यांत मी किती नेमका बसतो, हे मला त्या क्षणी कळलं. पण त्याने लगेच मला खोक्यात ठेवलं आणि पुढचा उचलला. माझ्यासारखे हजारो होते.

दुकानातून मला एका मामांनी घेतलं, भाचीसाठी. ती तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. घरी तिला टिटवी म्हणत, कारण ती एकदा बोलायला लागली की शेजारच्या तीन घरांना ऐकू जाई. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा उंच क्रेन चालवायचे. सकाळी शिडीने वर चढायचे आणि संध्याकाळी उतरायचे. दिवसभर काचेच्या केबिनमध्ये एकटेच.

सुरुवातीला मी टिटवीच्या गळ्यातला ताईत होतो. फुटबॉल म्हणू नका, गाड्यांची शर्यत म्हणू नका, सगळं माझ्यावरच. गाडी धडकली की मी थरथरत असे आणि ती खुर्चीतून ओरडत असे, "अगं आई गं!" मला पुसायला तिने आपला चष्म्याचा रुमाल दिला होता. मैत्रिणींना सांगायची, "माझ्या कंट्रोलरला हात लावायचा नाही हं कोणी."

पण नव्याचे नऊ दिवस. पुढे तिला मित्रमैत्रिणींचा एक चमू मिळाला. ते सगळे आपापल्या घरी बसून एकत्र नेमबाजीचा खेळ खेळत. त्यांच्यात एक मुलगा होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. तो एकदा घरी आला आणि मला बघून हसला.

"यावर खेळतेस? अगं, माउस नुसता मनगटाने हलवला की नेम लागतो. तुझी स्टिक सरकत सरकत पोचेपर्यंत समोरचा आपल्याला मारून, चहा पिऊन परत येईल!"

मला वाईट वाटलं, पण तो खोटं बोलत नव्हता. नेमबाजीत माउसची बरोबरी मला करता येत नाही. कीबोर्डवर दहा कामांना दहा बटणं असतात, माझ्याकडे मोजकीच. गाडी हळुवार वळवायची असेल, विमान तरंगत न्यायचं असेल, तर मी बरा. ज्याचं काम त्यानेच करावं. पण एका घरात दोघांना जागा असू शकते, हे त्या वयात कोणाला सुचत नाही. टिटवीने बटणांखाली दिवे लागणारा कीबोर्ड आणला, हलकाफुलका माउस आणला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे माझ्या सोबतीला सुकलेली पेनं आणि कोणत्या यंत्राचा हेही कोणाला आठवत नसलेला एक चार्जर होता. वरून कीबोर्डची खडखड ऐकू यायची. खण उघडला की माझ्या जिवात जीव यायचा. ती पेन घ्यायची आणि खण बंद करायची.

त्याच सुमारास बाबांना चक्कर येऊ लागली. कानातला तोल बिघडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. क्रेनवर चढणं बंद झालं. बाबा घरी बसले. तुम्हाला वाटेल, घरी बसलेल्या माणसाला आराम. पण खणाच्या फटीतून मी त्यांना बघत होतो. ते पेपर वाचायचे, मग तोच पेपर पुन्हा वाचायचे. खिडकीशी जायचे, दूरवर दिसणाऱ्या क्रेनकडे बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे. टिटवी कॉलेजातून आली की तिच्या मागे मागे फिरायचे. ती हेडफोन लावून टेबलाशी बसली की मात्र सोफ्यावर गप्प बसून राहायचे.

एक दिवस तिलाच राहवलं नाही. "बाबा, या. तुम्हाला शिकवते."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं. बाबांनी एका बोटाने बटण शोधायला सुरुवात केली. "पुढे जायला कुठलं म्हणालीस?"

"हे. आणि बघायला माउस फिरवा. एवढा नाही! एवढा नाही, बाबा!"

पडद्यावरचं जग गरकन फिरलं आणि बाबांनी डोळे मिटून टेबल घट्ट धरलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. टिटवी घाबरली. "पाणी आणू?"

"नको. मला जमायचं नाही गं हे."

डोळे मिटलेल्या बाबांचा हात आधारासाठी खणाच्या कडेवर होता. त्या ओढीने खण उघडला. टिटवीचं लक्ष माझ्याकडे गेलं. "थांबा. हा धरून बघा बरं."

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. बाबांचे तळवे टिटवीपेक्षा खूप मोठे आणि खरखरीत होते. त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या दोन स्टिकवर ठेवले आणि जराही घाई केली नाही. पडद्यावरचं जग सावकाश फिरलं. झाडं दिसली, मग रस्ता, मग डोंगर. बाबांना चक्कर आली नाही.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "हे माझ्या वेगानं चालतंय."

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. टिटवी कॉलेजात गेली की बाबा मला घेऊन सोफ्यावर बसत. मला वायर नाही, त्यामुळे कुठेही बसता येई. ते ट्रक चालवायचे, लाकडं वाहायचे. ट्रक चिखलात रुतला की स्वतःशीच म्हणायचे, "आता आली का पंचाईत!" खेळात ते काही फार हुशार नव्हते. पण घरात आता त्यांचा आवाज असायचा.

मग ती संध्याकाळ आली. टिटवीच्या चमूतला एक गडी आजारी पडला होता. ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही या ना आमच्यात. नुसतं माझ्या मागे मागे राहायचं."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी शर्ट बदलला. त्यांना कोणी बघणार नव्हतं, तरी बदलला. टिटवी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली आणि मोठा संगणक बाबांना दिला. तिच्या कानांवर हेडफोन होते. बाबांच्या संगणकाचा आवाज मात्र स्पीकरवर होता, म्हणजे चमूतलं सगळं बोलणं आमच्या खोलीत मोठ्याने येत होतं.

बाबा मागे राहिले. मी जीव तोडून वळत होतो, पण समोरून माउसवाले विजेसारखे येत होते. बाबा पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे. एकदा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांना वळताच येईना.

स्पीकरमधून कप्तानचा आवाज आला, "अरे, हा कोण अंगठेबहाद्दर आणलाय?"

सगळे खो खो हसले. त्या हसण्यात टिटवीचंही हसणं होतं. ते स्पीकरमधूनही आलं आणि आतल्या खोलीतूनही आलं.

बाबांचे अंगठे माझ्यावर तसेच थांबले. मग त्यांनी मला हळूच टेबलावर ठेवलं. "तुमचं चालू द्या," ते पडद्याला म्हणाले. "मी वाळत घातलेले कपडे आत आणतो."

ते बाल्कनीत बराच वेळ उभे होते. कपडे मी सकाळीच आत आलेले पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. टिटवी त्यांच्याकडे बघायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि भलतंच विचारायची, "दूध आणायचंय का?" बाबाही आणायचंय किंवा नाही एवढंच सांगायचे. दोघंही रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी तरी झाली असती.

पुढे टिटवीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. ती लॅपटॉप, माउस आणि तो दिव्यांचा कीबोर्ड घेऊन गेली. जुना कीबोर्ड आणि मोठा संगणक इथेच राहिला. "वापरा हं, बाबा." "बघू." ती गेली आणि घर एकदम मोठं झालं.

रोज तिचा फोन यायचा.

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

मग दोघंही फोन ठेवायची. टेबलावर माझ्या अंगावर धूळ साचत गेली. बाबा फडकं मारायचे ते माझ्याभोवती, मला न उचलता. माझी बॅटरी हळूहळू उतरत गेली. शेवटचा दिवा विझला तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं. वापरून झिजण्यात दुःख नसतं, मित्रांनो. न वापरता संपण्यात असतं.

एका संध्याकाळी फोनवर जेवणाचं बोलून झालं आणि तरी टिटवीने फोन ठेवला नाही.

"बाबा, कंट्रोलर चार्जिंगला लावा."

"कशाला?"

"एक होड्यांचा खेळ मिळालाय. नदी आहे नुसती. कोणाला मारायचं नाही, कोणाला हरवायचं नाही."

"तुझी मंडळी असतील ना."

"कोणी नाही. आपण दोघंच." मग ती हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला माहितेय कुठल्या."

बाबांनी मला उचललं. अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली. "बरं," ते म्हणाले, "ती चार्जिंगची वायर कुठे खुपसायची, तेवढं सांग."

तेव्हापासून त्या दोघांच्या होड्या संध्याकाळी नदीवर निघू लागल्या. ती तिकडे कीबोर्डवर, बाबा इकडे माझ्यावर. होड्या सावकाश चालायच्या आणि बोलणं चालायचं. तिच्या साहेबांचा खाक्या, बाबांची औषधं, आई गाडीत बसली की कशी झोपून जायची, सगळं त्या नदीवर निघालं. फोनवर जे सुचत नव्हतं ते हात गुंतले की सुचत होतं.

पण माझं वय झालं होतं. डावी स्टिक आतून झिजली आणि कोणी न हलवताही होडी डावीकडे जाऊ लागली.

"बाबा, सारखे काठाकडे काय जाताय?"

"वारा आहे," बाबा म्हणाले.

खेळात वारा नव्हता. पण आपल्यामुळे पुन्हा खोळंबा होतोय असं तिला वाटेल, ही भीती त्यांच्या अंगठ्यांत मला जाणवत होती. ते अंगठा उजवीकडे रेटून धरायचे आणि मला सांभाळून घ्यायचे. माझं व्यंग त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

त्यांच्या वाढदिवसाला टिटवीने नवा कंट्रोलर पाठवला. पांढराशुभ्र, ताठ स्टिकचा. बाबांनी त्याच्यावर होडी चालवून पाहिली आणि ती सरळ गेली. मला त्यांनी पुसलं आणि शोकेसच्या खालच्या फळीवर ठेवलं.  माझी काही तक्रार नव्हती. फक्त संध्याकाळी नदीचा आवाज आला की मी कान देऊन ऐकायचो.

मागच्या सुट्टीत टिटवी घरी आली. जेवणं झाल्यावर ती सवयीने टेबलाशी कीबोर्ड घेऊन बसली. बाबा मागे सोफ्यावर, नवा कंट्रोलर घेऊन. पडद्याचे दोन भाग केले होते. पण तिच्या डोक्याआड बाबांची अर्धी नदी दिसेना. ते मान वाकडी करून बघत होते. काही बोलायचं झालं तर ते तिच्या वेणीशी बोलत होते आणि ती पडद्याशी.

दोन वळणं झाल्यावर टिटवी थांबली. वळून तिने बाबांची वाकडी मान पाहिली. मग उठली, खुर्ची बाजूला ओढली आणि सरळ माझ्यापाशी आली.

"सरका थोडं, बाबा."

"अगं, तो नको घेऊ. तू हा नवा घे."

"असू दे हो."

ती त्यांना खेटून बसली. तिच्या तळव्यांत मी कितीतरी वर्षांनी आलो होतो. होडी निघाली आणि लगेच डावीकडे गेली. तिने सरळ केली, पुन्हा गेली. ती माझ्या स्टिककडे बघत राहिली. मग बाबांकडे.

"वारा?" ती म्हणाली.

बाबा ओशाळून हसले. "अंगठा जरा उजवीकडे रेटून धर. सवय होते."

 तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं आणि अंगठा रेटून धरला. तिची होडी वेडीवाकडी जात राहिली आणि बाबांची तिच्या शेजारून. माउस असता तर नेम चुकला नसता, हे खरं. पण माउसला टेबल लागतं आणि टेबलाशी एकच खुर्ची असते.

दोन दिवसांनी टिटवी परत गेली. घर पुन्हा मोठं झालं, पुन्हा मी फळीवर आलो. बाबा आता रोज पांढऱ्यावरच खेळतात. मात्र रविवारी सकाळी ते मला बाहेर काढतात, फडक्याने पुसतात आणि चार्जिंगला लावतात. मला वापरणारं तेव्हा घरात कोणीही नसतं. तरी लावतात. माझा दिवा हिरवा झाला की वायर काढतात आणि मला जागेवर ठेवून देतात.

मित्रांनो, बॅटरी फार दिवस रिकामी तशीच ठेवून दिली की ती आतल्या आत मरते. मग कितीही वेळ वायरला लावा, दिवा लागत नाही. म्हणून तुमच्या घरात जे जुनं आणि हळू चालणारं आहे, त्याला अधूनमधून हातात घ्या. गरज नसेल तेव्हाही घ्या.