चष्म्यावरचा गॉगल

निकिताला चष्मा आहे हे सटाण्यात तिच्या घराला, शाळेतल्या बाईंना आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एका माणसाला, आणि नेमकं त्याच्याशीच तिचं लग्न झालं होतं.

यात निकिताची चूक किती आणि तिच्या आईची किती, ते तुम्ही ठरवा. चौथीत असताना तिला चष्मा लागला आणि नंबर वाढत वाढत मायनस आठवर येऊन थांबला. पोरगी एम.एस्सी. झाली, दिसायला नीटस, पण पहिलंच स्थळ आलं ते काचा बघून परत गेलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही हो. पोहे खाल्ले, चहा घेतला, ‘कळवतो’ म्हणाले, आणि मग मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी छान आहे, पण उद्या मुलांनाही नंबर लागायचा. कुसाबाईंनी, म्हणजे निकिताच्या आईनं, ते फार मनाला लावून घेतलं. लेकीला भावाबरोबर नाशिकला पाठवून लेन्स करून आणायला लावल्या आणि पुढच्या पाहुण्यांच्या आदल्या दिवशी बजावलं, “चष्मा शे म्हणीसन कोणले सांगू नको. लगीन व्हई जाऊ दे, मंग सांग.”

पुढचे पाहुणे म्हणजे रविराज आणि त्याची आई लताबाई. नाशिकला गंगापूर रोडवर फ्लॅट, मुलगा अंबडच्या कंपनीत, वडील नाहीत. आणि हा रविराज निकिताला आवडला. सगळा घोटाळा इथंच झाला बघा. न आवडता तर तिनं तिथल्या तिथं चष्मा नाकावर चढवून पोह्यांच्या डिश उचलल्या असत्या. तो आवडला, म्हणून आईचं ऐकलं.

पौष लागायच्या आत लग्न उरकलं. ‘मग सांग’ म्हणजे नेमकं कधी, हे काही कुसाबाईंनी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी कसं सांगणार? घरात पाहुणे होते. आठवड्यानं कसं सांगणार? इतके दिवस का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं तर? दिवस जाईल तसं ते जास्तच अवघड होत गेलं. रात्री दिवा बंद झाला की ती बाथरूममध्ये जाऊन लेन्स काढायची आणि सकाळी तो उठायच्या आत घालायची. काही रात्री तर जाग येणार नाही या भीतीनं लेन्स तशाच डोळ्यांत ठेवून झोपली. लेन्स घालून झोपू नये हे शाळकरी पोरालाही कळतं. पण भ्यालेल्या माणसाची अक्कल कुठं जागेवर असते?

व्हायचं तेच झालं. एक डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. ‘कचरा गेला’ म्हणून घरी वेळ मारून नेली आणि मैत्रिणीकडे जाते सांगून ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या चांगल्याच तापल्या. “डोळा वाचला म्हणून समज. दोन महिने लेन्सला हात लावायचा नाही. चष्मा आहे ना? मग तो घाल.”

चष्मा होता ना! घरात साड्यांच्या बॅगेत तळाशी, आणि बाहेर पडताना पर्समध्ये, रुमालात गुंडाळून.

तेव्हापासून निकिताचा संसार अंदाजानं चालला होता. वीतभर अंतरावरचं तिला दिसायचं, त्यापलीकडं नुसते रंग आणि हलणारे आकार. स्वयंपाकघरातले डबे तिनं हातानं पाठ केले. एकदा चहात साखरेऐवजी रवा पडला, तेव्हा लताबाई हसून म्हणाल्या, “नवीन आहे, होतं असं.” ती जपून पावलं टाकते, मान वर करून कुणाकडे बघत नाही, जिन्यात कुणी भेटलं तर नुसती पुटपुटते, याचं बिल्डिंगमध्ये केवढं कौतुक झालं! आजकाल अशा लाजऱ्या सुना कुठं मिळतात, असं शेजारच्या मीनाताई लताबाईंना म्हणाल्यासुद्धा. निकिताला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविराज मात्र गप्प होत चालला होता. आधी कंपनीतून आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दिवसभराचं सगळं सांगायचा. आता जेवून मोबाइल घेऊन बसायचा. याला कळलंय, असं निकिताला रोज वाटायचं. कळलंय आणि मनातून उतरलेय मी. फसवलं, हा शब्द तो कधीतरी तोंडाबाहेर काढणार आणि मग लताबाई, मग सटाण्याला फोन, मग आईनं डोक्याला हात लावून बसणं. हे सगळं ती पोळ्या लाटताना मनातल्या मनात कितीतरी वेळा बघून चुकली होती.

गुलमर्गची तिकिटं लग्नाआधीच काढलेली होती. रविराज सुट्टी मिळाली की गड चढणारा माणूस, बर्फ मात्र फोटोतच बघितलेला. दोघांसाठी त्यानं तिथं स्कीइंगचा शिकाऊ कोर्सही ठरवून ठेवला होता. निघायचा दिवस जवळ आला तसा एका रविवारी तो म्हणाला, “चल, गॉगल घेऊन येऊ. बर्फावर उन्हाची चमक फार बेकार असते म्हणे.”

ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला होतं. दोर, सॅक, बूट, सगळं छतापर्यंत टांगलेलं. मालक यादव हा रविराजच्या ओळखीचा, वयानं मोठा, बोलका माणूस. “तिकडं भाड्यानं मिळतात हो,” तो म्हणाला, “पण आतला फोम दहा जणांच्या घामानं भिजलेला आणि काचांवर ओरखडे. डोळ्यांच्या बाबतीत काटकसर करू नका.” मग काउंटरवर चार-पाच गॉगल मांडत त्यानं सहज विचारलं, “मॅडमना चष्मा आहे का? असेल तर वेगळा दाखवतो.”

“छे, हिला कुठला चष्मा?” रविराज म्हणाला.

निकितानं मान हलवली. कशी हलवली, होकारार्थी की नकारार्थी, ते तिचं तिलाच कळलं नाही.

यादवनं एक सडपातळ, आरशासारख्या काचेचा गॉगल तिच्या हातात दिला. तिनं तो चढवला. समोरचे धूसर आकार आता नारिंगी धूसर झाले, एवढाच काय तो फरक. ‘छान बसलाय’ असं यादव म्हणाला. छान बसला होताच. आत चष्मा नव्हता ना!

“पहिल्या दिवशी काय करू या,” रविराज बऱ्याच दिवसांनी जरा उमेदीनं बोलला, “उताराच्या खाली मी आधी जाऊन थांबतो. तू घाबरायचं नाही. इकडंतिकडं बघायचंच नाही. फक्त माझ्याकडे बघत खाली यायचं.”

निकितानं गॉगल काढून काउंटरवर ठेवला. सगळीकडं पांढरं, त्यात माणसंच माणसं, आणि त्यातला आपला नवरा कोणता? त्याचं समजून एखाद्या जाकिटाकडे बघत गेले आणि ते भलत्याच कुणाचं निघालं तर? कुणाच्या अंगावर जाऊन आदळले तर? स्वतःचे हातपाय मोडले तरी एक वेळ चालेल, पण कुणा लहान लेकराला धडकले म्हणजे? पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की ही लपवाछपवी आता तिच्या एकटीच्या नशिबापुरती राहिलेली नाही.

तेवढ्यात रविराज दोन गॉगल घेऊन दुकानाच्या दाराशी, उजेडात जाऊन उभा राहिला. “इकडं बघ. कुठला बरा दिसतो? हा की हा?”

दारातला आकार हलला. पुन्हा हलला. निकितानं डोळे बारीक केले. “पहिला,” ती म्हणाली.

मग यादव हसला. “अहो मॅडम, त्यांनी अजून एकही घातला नाही. हातातच आहेत दोन्ही.”

रविराज हसला नाही. तो काउंटरपाशी आला, दोन्ही गॉगल खाली ठेवले आणि यादवला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “एकदा तरी माझ्याकडे नीट बघत जा गं. एवढं काही मागत नाहीये मी.”

त्याचा आवाज चिडका असता तर निकिता गप्प राहिली असती. पण तो चिडका नव्हता, तो रडवेला होता. तिनं पर्स उघडली. रुमाल सोडताना चष्म्याची एक काडी त्यातच अडकून बसली. तिनं ती सोडवली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

कितीतरी दिवसांनी तिला रविराजचा चेहरा दिसला. आणि बाई गं, काय चेहरा झाला होता त्याचा! गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, दाढी दोन दिवसांची. एका घरात, ताटाला ताट लावून जेवत असताना हा माणूस असा वाळत गेला होता आणि तिला पत्ताही नव्हता.

“चौथीपासून आहे,” ती म्हणाली. “मायनस आठ. आधी लेन्स घालत होते. डोळा लाल झाला ना, तेव्हापासून डॉक्टरांनी बंद केल्यात. तुम्हाला फसवलं मी.”

रविराज काउंटरजवळच्या स्टुलावर बसला. यादव शहाणा माणूस. “चष्म्यावरून घालायचा आत आहे, तो काढून आणतो,” म्हणून तो मागच्या खोलीत गेला.

“म्हणजे आत्ता, मी दारात होतो तेव्हा...”

“कुणीतरी आहे एवढं दिसत होतं. चेहरा नाही.”

“आणि घरी?”

“घरीही तसंच.”

निकिता त्या एका शब्दाची वाट बघत उभी होती. ‘फसवलं’ हा शब्द तिनं आधी उच्चारून टाकला होता, तरी त्याच्या तोंडून तो यायचाच होता.

“रोज सकाळी गाडी काढली,” तो म्हणाला, “की मी खालून वर बघतो. तू गॅलरीत उभी असतेस. मी हात करतो. तू सरळ माझ्याकडे बघत असतेस, आणि हात करत नाहीस. आधी मी गंमत म्हणून दोनदोनदा करायचो. मग वॉचमनसमोर लाज वाटायला लागली.”

“मी तुमच्या गाडीचा आवाज ऐकायची हो. वळणावर जाईपर्यंत. तो गेला की मगच आत जायची.”

“मला काय माहीत?” रविराज म्हणाला. “रात्री तू दिवा बंद करायची घाई करतेस. सकाळी मी उठायच्या आत उठून जातेस. हसलो तर हसत नाहीस. मला वाटलं, सटाण्याला दुसरं कुणी असेल हिच्या मनात, आणि घरच्यांनी बळेच बोहल्यावर उभं केलंय. आईसमोर कसं विचारणार? म्हटलं, गुलमर्गला गेलो की विचारायचं.”

“काय विचारणार होता?”

“तुला परत जायचंय का, ते. मी सोडून येईन, आणि घरच्यांचं काय ते मी बघेन, असं सांगणार होतो.”

एवढे दिवस निकिता पोळ्या लाटताना ज्या गोष्टीला भीत होती, तीच गोष्ट हा माणूस गाडी चालवताना, जेवताना, मोबाइलमध्ये तोंड घालून बसला असताना मनात घोळवत होता. आणि दोघंही आपापल्या जागी तेच सोसत होते, एकमेकांशी एक अक्षर न बोलता.

“मला वाटलं, चष्मा बघितला की तुम्हीच मला परत पाठवाल,” ती कशीबशी म्हणाली.

यादव खोकत खोकत बाहेर आला. त्याच्या हातात एक खोलगट, ढोबळा गॉगल होता. दिसायला मघाच्या गॉगलच्या पासंगालाही न पुरणारा. “हा चष्म्यावरून घाला. बाजूला काड्यांसाठी खाचा आहेत बघा. काच चष्म्याला टेकायला नको, आणि कानशिलं दाबली जायला नकोत. आता जरा जोरात श्वास सोडा. दोन काचांचा आहे, वाफ धरत नाही.”

निकितानं गॉगल चढवला. कानशिलं दाबली गेली नाहीत. काच टेकली नाही. दोर, सॅक, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं लख्ख दिसत होतं. तिनं मान वळवली तर स्टुलावर रविराज, दाढी वाढलेला, तिच्याकडेच बघत असलेला.

“मग आत्ताच विचारू?” तो हळू म्हणाला. “जायचंय परत?”

तिनं मान हलवली. या वेळी कशी हलवली ते सगळ्यांना कळलं. पण त्याबरोबर इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू असं फुटलं की गॉगलच्या आत नुसतं धुकं झालं.

यादव वाकून बघायला लागला. “अरेच्चा, वाफ धरली की! थांबा मॅडम, हा नको, याला हवा जायची भोकं कमी दिसतात. दुसरा दाखवतो.”

“राहू द्या काका,” रविराज म्हणाला. त्यानं शर्टाच्या बाहीनं आपलं तोंड पुसलं आणि उठून बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. “गॉगल चांगला आहे. हाच बांधा.”