आजोबांच्या हातचा नळ

निवृत्त होऊन आजोबा घरी बसले आणि लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्यावाचून कुणाचंच काही अडत नाही. ऑफिसचं अडलं नाही, घराचं तर नाहीच. तेवढ्यात मोरीतला नळ गळायला लागला. बुडत्याला काडीचा आधार मिळतो, आजोबांना नळाचा मिळाला.

सुनेनं बंद केला, मुलानं बंद केला, तरी नळ आपला ठिबकतोच. आजोबांनी दातओठ खाऊन पिळला, की मात्र थेंबाची बिशाद नव्हती. आणि असा पिळलेला नळ उघडायलाही आजोबाच लागत. "आजोबा, नळ!" नात हाक मारायची. "बाबा, नळ!" सून ओरडायची. आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"प्लंबरला बोलावू का?" सुनेनं विचारलं.

"कशाला? मी आहे ना!"

वायसर झिजलाय, हे आजोबांना केव्हाच कळलं होतं. नवा आणूनही ठेवला होता. बसवायला तेवढा मुहूर्त लागत नव्हता.

एका सकाळी ते फिरून आले, तर मोरीत आकांत. बादलीतलं पाणी संपलेलं, नातीच्या डोळ्यांत साबण, आणि सून नळाला फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी झटतेय. आजोबा चपला काढून पोचेपर्यंत तिनं प्यायच्या पाण्यानं पोरीचे डोळे धुतलेही.

"बाबा, एवढा का पिळता हो?" सून म्हणाली.

खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. 'शाबास रे पठ्ठ्या,' आजोबा स्वतःलाच म्हणाले, 'मर्दुमकी गाजवलीस ती एवढ्याशा पोरीवर!' त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी टाकीचा कॉक बंद केला, पान्यानं नळ खोलला आणि वायसर बदलला. चहा निवायच्या आत काम फत्ते. नळ करंगळीनं फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी आजोबा पेपर घेऊन बसले. नळ सुटला, बंद झाला, पुन्हा सुटला. हाक नाही. गरज सरो, वैद्य मरो. इथं तर वैद्यानं आपल्याच हातानं दवाखान्याला कुलूप घातलं होतं. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"आजोबा! लवकर या!"

पेपर टाकून ते धावले. नात करंगळीनं नळ उघडत होती, बंद करत होती.

"अगं, येतोय की तुला! मग मला कशाला बोलावलंस?"

"बघायला नको का कुणी?"

आजोबांनी मोरीच्या उंबऱ्यावरच बसकण मारली.