बंद घरांची यादी

गणपतीला अजून नऊ दिवस होते, आणि विनीतदादाची यादी यायच्या आत आपली गेल्या वर्षीची चूक शोधायचीच, असं अक्षयानं ठरवलं होतं. त्यासाठी तिनं पुण्याहून चांगली चार दिवसांची रजा काढली होती. बाकीचे लोक रजा काढून मखर करतात, ही बाई चूक शोधायला बसली.

चूक तरी कसली? वाडीतल्या भजनाच्या बाऱ्यांची. पाच दिवसांत मंडळानं प्रत्येक घरच्या गणपतीसमोर अर्धा तास बारी करायची, उसळ खायची आणि पुढच्या घरी जायचं. अडुसष्ट घरं. विनीतदादा मंडळाचा सचिव, अक्षयाचा सख्खा चुलतभाऊ. धामापूरच्या तळ्याकाठच्या रस्त्यावर तिला सायकल शिकवणारा तोच. एक्सेलची फाइल त्यानं ठेवायची आणि तिनं त्यातून दिवस-वेळ लावून द्यायची, असा दोन वर्षांपूर्वी ठराव झाला. पायथनमध्ये एक्सेलच्या फायली वाचायला-लिहायला तयार लायब्ररी असते. तिच्या जोरावर अक्षयानं शंभर ओळींचा प्रोग्राम लिहिला. यादी आत, वेळापत्रक बाहेर.

दादाची अट एकच होती, बंद घरं वगळायची. मुंबईकर येणार नसतील, कुणाला सुतक असेल, तर तो त्या घराची ओळ फाइलमध्ये लपवून ठेवायचा. पुढच्या वर्षी परत काढायला बरी. पण लायब्ररी मोठी प्रामाणिक, तिला लपवलेलंही दिसतं. म्हणून अक्षयानं प्रोग्रामला बजावलं होतं, की लपवलेली ओळ आली तर पुढे जा.

आणि गेल्या वर्षी भजन तिच्याच घरी आलं नाही. तिचे वडील दाजी गेल्यानंतर आईनं, सुगंधानं, हिमतीनं स्वतःच्या हातानं पुजलेला तो पहिला गणपती. चाळीस माणसांची काळ्या वाटाण्यांची उसळ चुलीवर होती. संध्याकाळी शेजारच्या घरातली बारी संपली, ढोलकी घरापुढच्या खळ्यासमोरून, अंगणासमोरून गेली आणि तशीच पुढे गेली. आई दारात उभी राहून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दादा आला, कॉम्प्युटरचा घोळ झाला म्हणाला, अक्षयाच्या पाठीवर हात ठेवून चुका होतात म्हणाला. मंडळाच्या बैठकीतही त्यानं तिची बाजू सांभाळली. अक्षयानं त्याचे आभार मानले. मनापासून मानले, याबद्दल पुढे तिला स्वतःचीच चीड आली.

आई तिला रागावली नाही. पण कुणी विचारलं की वर्षभर एकच सांगायची, माझ्याच लेकीन माका इसारल्यान. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक सापडत नव्हती, कारण दादानं तपासायला म्हणून नंतर दिलेल्या फाइलवर प्रोग्राम बिनतक्रार चालायचा. आईचं घर बरोबर यायचं. आज दुपारी जुन्या ईमेलमध्ये तिला पहिली फाइल मिळाली, वेळापत्रक ज्यावरून केलं होतं तीच. तिनं ती एक्सेलमध्ये उघडली नाही, तिथं लपवलेलं दिसलंच नसतं. पाच ओळींचा नवा प्रोग्राम लिहिला. जे जे लपवलेलं आहे ते दाखव, आणि घराच्या नावावर कुणी टीप लिहिली असेल तर तीही.

बारा घरं आली. दादा कामाला चोख, प्रत्येकावर कारण लिहिलेलं. मुंबईक. मुंबईक. सुतक. घर मोडून बांधतत. आणि चौतिसावी ओळ, कै. दाजींचं घर. टीप लिहिणारा, विनीत. ‘घरात पुरुष नाय.’

 वर्षभर अक्षया स्वतःच्या शंभर ओळी उलट्यापालट्या करत होती, आणि प्रोग्रामनं त्याला सांगितलं होतं तेच इमानानं केलं होतं.

चहाच्या वेळेला दादा पेन ड्राइव्ह घेऊन आला, नेहमीसारखा हसत ओटीवर बसला. आई चहा टाकायला आत गेली. अक्षयानं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

“दादा, आमचा घर बंद कोणी केल्यान?”

त्यानं चौतिसावी ओळ वाचली. मग म्हणाला, आरतीला उभा राहणारा पुरुष नाही, चार जाणत्यांना ते पटत नव्हतं, त्यांच्याशी भांडून मंडळ कोण चालवणार.

“मगे माझ्यार कित्याक ढकललस?”

“तू पुण्याक जातलंस गो,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “माका हंयच रवाचा आसा.”

इतकं सरळ. त्याच्या लेखी त्यात काही वाईटही नव्हतं. अक्षयाला रडू आलं ते त्यानंच.

आई कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिनं कप दादापुढे ठेवला, पदराला हात पुसले आणि लेकीकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदाच तिची नजर अशी थांबली.

“लेकीन माका इसारल्यान, ह्या मी घराघरात सांगलंय,” ती म्हणाली. “आता तितक्याच घरांक खरा सांगूक परत जाऊचा आसा. अक्षया, यादी काढ.”

खुंटीवरची छत्री घेऊन ती पायऱ्या उतरून खळ्यात उभी राहिली, आणि अक्षयानं डोळे पुसून प्रोग्राम चालवला.