देव नसलेली सहल

आमच्या केदारखेड्यातली बाई गावाबाहेर पडली की ती एक तर लग्नाला चाललेली असते, नाहीतर कुणी गेलं म्हणून रडायला, नाहीतर देवाला. नुसतं फिरायला जाते म्हटलं तर घरादाराचे डोळे मोठे होतात. मी बचत गटाची अध्यक्ष झाले तेव्हापासून आम्ही दर वर्षी सहल काढतो. माहूर झालं, तुळजापूर झालं, शेगाव झालं, परत माहूर झालं. क्रूझरमध्ये डझनभर बायका कोंबायच्या, रांगेत उभं राहायचं, पाया पडायचं, बाहेर बांगड्या घ्यायच्या आणि परत कोंबून यायचं. देवाशी माझं काही भांडण नाही. पण दर वेळी त्याचंच नाव पुढं करून उंबरा ओलांडायचा, याचा मला वीट आला होता. आपल्याला जावंसं वाटलं म्हणून जायचं, एवढंच मला एकदा करून बघायचं होतं.

जालन्याला गटांच्या मेळाव्याला गेले होते, तिथं भिंतीवर एक मोठा फोटो होता. कंबरभर पिवळं गवत, त्यात मान वर करून उभं असलेलं काळवीट आणि मागं नुसतं आभाळ. खाली लिहिलेलं, कोल्हेमाळ निसर्ग उद्यान. अंबडच्या अलीकडंच होतं ते. सकाळी निघून दिवेलागणीला घरी येण्यासारखं. मी तिथंच ठरवलं.

घरी सांगितलं तेव्हा हे, म्हणजे आमचे रायभान, बैलाला पेंड घालत होते.

"तिथं देव कोन्ता हाये?"

"देव न्हाई."

"मंग काय हाये?"

"रान हाये. गवत, हरनं."

त्यांनी पेंडीची पाटी खाली ठेवली आणि आमच्या दारातून दिसणाऱ्या शेताकडं हात केला. "अन् हे काय हाये? रान पाहायला रान सोडून जाऊन राह्यल्या का तुमी?"

शेजारचे दोघं तिथंच बसलेले. ते खो-खो हसले. दुसऱ्या दिवशी पारावर तेवढाच विषय होता.

खोटं बोलले असते तर सोपं होतं. चतुराबाईनं मला तसं सांगितलंही. चतुराबाई आमच्या गटातली सगळ्यात थोरली, नात लग्नाला आलेली, तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. ती म्हणाली, "आशाबाई, तिथं म्हसोबा हाये म्हन. संपलं. कोन जाऊन पाहून राह्यलं?" पण मी हट्टाला पेटले होते. म्हसोबा नाही म्हणजे नाही. मी भांडले, अबोला धरला, बाकीच्यांच्या घरी जाऊन त्यांच्या सासवांशी बोलले. शेवटी पारावरच्या पुरुषांनी आपसात ठरवलं आणि ह्यांनी मला येऊन सांगितलं, "जा. पन बायका तोंड वाकडं करत वापस आल्या, तर हे सहलीचं नाटक बंद. माहूर बी बंद अन् तुळजापूर बी बंद."

म्हणजे आता त्या माळानं आमची लाज राखायची होती.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात निघालो. गाडी संपतची, चतुराबाईच्या भाच्याची. निघाल्या निघाल्या पहिला खटका उडाला. राजूर आलं तशा सगळ्याजणी म्हणाल्या, गणपतीला नुसते हात जोडून येऊ. मी म्हणाले, न्हाई. आज देव न्हाई. चतुराबाईच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात नारळ, हळदकुंकू, खण, सगळा सरंजाम. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, "असू दे. कुठं ना कुठं निघतोच देव." जालना ओलांडलं आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. सगळे अंकुशनगरच्या कारखान्याकडं चाललेले, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कानठळ्या बसवणारी गाणी. बसून बसून सोनूबाईचा गुडघा धरला. अर्पिताला गाडी लागली. कोल्हेमाळ यायच्या आतच निम्म्या बायकांची तोंडं उतरली होती.

फाटकावर खाकी कपड्यातला माणूस होता. त्यानं नियम सांगितले. प्लॅस्टिक न्यायचं नाही, जाळ करायचा नाही, काही तोडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

"अन् नारळ कुठं फोडायचा?" चतुराबाईनं विचारलं.

"कशापुढं फोडता?"

"देवापुढं."

"इथं देव नाही, आजी."

"असं कसं? येवढ्या मोठ्या रानाला कोनी राखनारा असंलच की."

"मी आहे ना," तो म्हणाला.

चतुराबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं आणि आत शिरली. तो नापास झाला हे तिच्या चालण्यावरून कळत होतं.

आत एक पायवाट होती, दोन्ही बाजूंना गवत, मध्ये मध्ये हिवर, बाभळी, बोरी. बस. पाळणे नाहीत, कारंजं नाही, बाकडं एकच आणि तेही फाटकाजवळ. अर्पिता आमच्यातली सगळ्यात तरणी, बारावी झालेली सून. टिकल्यांची नवी साडी नेसून रील काढायला आली होती. तिच्या काठाला अशी कुसळं चिकटली की रील राहिलं बाजूला आणि ती वाकून वाकून कुसळंच वेचत बसली. "काकू, फोटोत तर लई भारी दिसत होतं," ती म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं. मी तिला काय सांगणार? फोटोत कुसळं दिसत नाहीत.

सोनूबाईच्या घरी दोन म्हशी. तिला सगळ्या माळात चाराच दिसला. "येवढं गवत उभं अन् कोनी कापत न्हाई? हे पाप हाये, आशाबाई." असं म्हणत चालता चालता ती एका हातानं गवत उपटत होती. तिचं तिलाही कळत नव्हतं. बघते तर पदरात चांगली पेंढी जमलेली. मागून येणाऱ्या खाकीवाल्यानं ती तिथंच टाकायला लावली. सोनूबाई अशी ओशाळली की पुढं कितीतरी वेळ तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधून ठेवले.

मी सगळ्यांना दाखवत होते. हे बघा, ते बघा, कसं मोकळं आहे, कसा वारा आहे. माझा मलाच राग येत होता. नवरीत खोट नाही हे सांगणाऱ्या मध्यस्थासारखी माझी गत झाली होती. त्या आपल्या "हाव, हाव" म्हणत होत्या आणि एकमेकींकडं बघून नाकं मुरडत होत्या.

एका हिवराखाली आम्ही भाकरी सोडली. ठेचा होता, वांग्याची भाजी होती. चतुराबाईनं शेवटी नारळ काढला, दगडावर आपटला आणि सगळ्यांना वाटला. "देवाचा नारळ मानसानं खाल्ला," ती म्हणाली, "आता जे व्हायचं ते आशाबाईच्या डोक्यावर."

मी हात धुतले आणि एकटीच पुढं निघाले. तिथं थांबले असते तर माझ्या तोंडून वाईट शब्द गेला असता.

थोड्या चढावर गेले आणि बसले. तिथून खालची सगळी खोलगट जमीन दिसत होती. वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकत होतं आणि परत उभं राहत होतं. मला कोणी हाक मारत नव्हतं. चूल नव्हती, म्हैस नव्हती, कोणाला चहा द्यायचा नव्हता. माझ्या हातात काहीच नव्हतं, विळासुद्धा नाही. रानात मी आजवर विळ्याशिवाय कधी गेलेच नव्हते. मग खाली गवतात काहीतरी हललं आणि त्यातून कळप बाहेर आला. पुढं एक काळा नर, पिळदार शिंगांचा, मागं पिवळट माद्या आणि पिल्लं. चरत चरत माझ्याच बाजूला येत होते. मला फार बरं वाटलं. का वाटलं ते मला अजून सांगता येणार नाही, पण इतकं बरं मला माहूरलाही कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता बायका आल्या की त्याही बघतील, आणि सगळा दिवस भरून निघेल.

बायका आल्या. त्यांनी बघितलं.

"हाड! हाड! हुर्रर्र!"

ढेकूळ पहिलं चतुराबाईचं गेलं. मग सोनूबाईचं. मग सगळ्याजणींनी पदर खोचले, टाळ्या वाजवल्या, बोंब ठोकली. अर्पितानंसुद्धा. हरभऱ्यात हरणं शिरली की जे करायचं तेच त्या करत होत्या, आणि जीव तोडून करत होत्या. कळपानं एकदा माना वर केल्या आणि पुढच्या क्षणी तो उड्या मारत पार टेकाडापलीकडं गेला. खाली उरलं नुसतं गवत.

बाजूच्या झुडपातून एक माणूस आणि एक बाई उठली. दोघांच्या अंगावर मातकट कपडे, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. "तुम्हाला काही कळतं का?" तो माणूस ओरडला. "आम्ही पहाटेपासून इथं पडून आहोत. पुण्याहून आलोय."

"कशासाठी?" चतुराबाईनं मनापासून विचारलं.

"हरणांसाठी!"

"मंग आमच्या हरभऱ्यात या ना, बाबा. रोज दाखवते. चहा बी पाजते."

त्या बाईनं कपाळाला हात लावला. खाकीवाला धावत आला आणि आम्हाला बाहेर काढून मोकळा झाला. चला, चला, निघा. ढोरं हाकल्यासारखं.

फाटकाबाहेर मी सगळ्यांवर तुटून पडले. "कोनाच्या हरभऱ्यात होते ते? कोनाचं काय खात होते?"

"आपल्याला पाह्यलं की पळायला पायजे त्यायनं," सोनूबाई म्हणाली. "न्हाईतर सवय लागती."

मला रडू आलं. रागानंच आलं. मी गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि तोंड बाहेर केलं. मागं सगळ्या सुटल्या होत्या. काय तर म्हणे उद्यान. ना देऊळ ना छप्पर. आमचं गायरान तरी बरं. राजूरला थांबलो असतो तर दर्शन तरी झालं असतं. साडीचं वाटोळं झालं. गुडघ्याचं वाटोळं झालं.

राजूर मागं टाकलं तेव्हा सोनूबाई एकदम म्हणाली, "पन मंग घरी काय सांगायचं?"

तिनं गुडघा चोळायचा थांबवला.

"माहूर बी बंद म्हनलेत ना?"

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. संपतनं गाणं लावलं तर चतुराबाईनं त्याला बंद करायला लावलं. गाव येईपर्यंत ती बोटांवर कसला तरी हिशेब मांडत होती.

पारावर सगळे वाटच बघत होते. आमचे हे सगळ्यांच्या पुढं, चेहऱ्यावर हसू आधीच आणून ठेवलेलं. "काय मंडळी, पाह्यलं का रान?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मला आवडलं म्हणून सांगणार होते. त्यांना नाही आवडलं, मला आवडलं, आणि मी परत जाणार. पण माझ्या आधी चतुराबाई गाडीतून उतरली. तिनं डोक्यावर पदर ओढला, आल्या वाटेकडं तोंड केलं आणि हात जोडले.

"लई जागृत ठिकान हाये, बाबा."

"कोन्तं ठिकान?"

"कोल्हाई. कोल्हेमाळाची कोल्हाई. मूर्ती न्हाई, मंदिर न्हाई. गवतातच हाये. हरनावर बसून येती."

पारावरचं हसू गेलं. "तुमी पाह्यलं?"

"काळं हरीन," अर्पिता म्हणाली. "बिलकुल समोर आल्तं. मग गायबच झालं."

"दर साली जावं लागतं," सोनूबाईनं जोडलं. "एकदा गेलं अन् मंग सोडलं तर कोप होतो म्हनतेत."

पुरुषांनी संपतकडं बघितलं. संपतला पुढच्या वर्षीचं भाडं दिसत होतं. "हाव," तो म्हणाला, "अंगावर काटा आल्ता."

मी दात आवळून उभी होते. एकीकडं मला हसू येत होतं. ज्या बायका दिवसभर नाकं मुरडत होत्या, त्यांनी एका दमात आमची सहल वाचवली होती. आणि दुसरीकडं मला त्या सगळ्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. एवढं भांडून मी एक जागा शोधली होती जिथं देव नव्हता. तिथंही त्यांनी नेऊन बसवला.

आमच्या ह्यांनी टोपी काढली होती. "मंग येवढं जागृत ठिकान अन् तुमी एकट्याच जाऊन आल्या? हे बराबर न्हाई. पुढच्या साली समदेच जाऊ. मी येतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, दोन गाड्या लागतील. दुसरा म्हणाला, तीन.

चतुराबाईनं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून पहिल्यांदाच काही निघत नव्हतं.

"निवद तिथंच करायचा का?" ह्यांनी मला विचारलं.

तिथं काहीही नाही हे मी तेव्हा सांगू शकले असते. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"तिथं चूल मांडू देत न्हाईत," मी म्हणाले.

"मंग घरूनच पुरनपोळ्या करून घ्या समद्यांच्या," हे म्हणाले. "अन् जरा जल्दी उठा त्या दिवशी. आज निघायला लई उशीर केला तुमी."