ओलीचा वास घेणारं यंत्र

सरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. पेटंटवाल्या वकीलबाईंना ते कळायला मात्र परवाचा मंगळवार उजाडावा लागला.

झालं असं. सरांची लेक चिंगी (वय छत्तीस, पण सर भर रस्त्यात याच नावाने हाक मारणार) एका कंपनीत संशोधन करायची. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, अकरा माणसं, एक सिंक आणि जिकडेतिकडे पाइप. भिंतीच्या आत पाण्याचा पाइप नेमका कुठे गळतोय, हे भिंत न फोडता सांगणारं मुठीएवढं यंत्र चिंगीने चार वर्षं खपून बनवलं होतं. मालकीणबाईंचा हिशोब साधा होता. यंत्रं बनवायची तर कारखाना लागतो, आणि तो आपल्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हता. आपल्याकडे आहे ती युक्ती. मग युक्तीचं पेटंट घ्यायचं आणि कारखानेवाल्यांना सांगायचं, बनवा खुशाल, पण आमच्या परवानगीने आणि आमचा वाटा देऊन. त्या वाट्यातून पुढचं संशोधन, त्यातून पुढचं पेटंट. एक बडी पाइप कंपनी तयारही झाली होती. फक्त शुक्रवारपर्यंत पेटंटचा अर्ज गेला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण पेटंटची एक खाष्ट अट असते. अर्जाआधी ती युक्ती जगात कुणी, कुठेही उघड केलेली नसावी. परक्याने नाही, आणि घरच्याने तर नाहीच नाही.

म्हणून वकीलबाई तीन आठवडे शोधत होत्या. देशोदेशीची पेटंटं झाली, संशोधनाचे अंक झाले, कुठे काही सापडेना. मंगळवारी सकाळी त्यांनी सहज म्हणून मोबाइलवर ‘भिंतीतली गळती’ असं टाकलं, आणि पहिलाच व्हिडिओ आला: ‘माझ्या लेकीचा शोध – एक सोपे विवेचन’. त्रेपन्न मिनिटं! वाचनालयाचा हॉल, फळा, खडू आणि सर. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं.

सरांना अकरा वाजता फोन आला, जरा ऑफिसात येता का म्हणून. सरांना वाटलं, सत्कार असणार. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

“अहो, उगाच भाषण ठोकू नका तिथे,” बायको म्हणाली.

“आता आग्रह केला तर दोन शब्द बोलायला नकोत का?” असं म्हणत सर जिना उतरलेसुद्धा.

ऑफिसात पोचले तर हार नाही, फुलं नाहीत, अकरा जणांचे अकरा चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. चिंगी तर वर बघायलाच तयार नव्हती.

“बाबा, हे कधी केलंत तुम्ही?”

“मागच्या महिन्यात. ये म्हटलं होतं की तुला. तू म्हणालीस, काम आहे.”

“सर,” मालकीणबाईंनी जपून विचारलं, “त्यात तुम्ही सगळं सांगितलंत?”

“सगळं! हातचं राखून शिकवणं आपल्याला जमलं नाही कधी.”

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग वकीलबाईंनी सरांना समजावलं, अगदी थोडक्यात. युक्ती त्या व्हिडिओत असेल तर पेटंट गेलं. पेटंट गेलं की पाइप कंपनी गेली. आणि मग या दोन खोल्यांना चार महिन्यांत कुलूप. चार वर्षं पोरीने धड जेवण केलं नव्हतं, आणि आपण त्रेपन्न मिनिटांत त्याची माती केली? ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला पहिल्यांदाच निकालाच्या दिवशीच्या पोरांचं दुःख कळलं.

व्हिडिओ लावला. पहिली एकोणीस मिनिटं सर स्वतःच्या शाळेबद्दलच बोलत होते. मग त्यांनी फळा पुसला, म्हणाले, “आता मुख्य मुद्दा,” आणि फळ्यावर एक भलंमोठं नाक काढलं.

“भिंतीत ओल आली की तिला वास येतो,” व्हिडिओतले सर सांगत होते. “तो तुम्हाआम्हाला येत नाही. माझ्या लेकीच्या यंत्राला येतो. यंत्र वास घेत घेत भिंतीवरून जातं, आणि जिथे वास जास्त, तिथे गळती!”

ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. इतक्यात व्हिडिओत पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी हात वर करून विचारलं, “सर, यंत्राला सर्दी झाली तर?” आणि सर खरंच विचारात पडले. झालं! ऑफिसात हशाचा नुसता स्फोट झाला. वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या, “वाचलो बाई, वाचलो! यात युक्तीचा मागमूस नाही!”

सरही हसले, मनापासून हसले. डॉक्टरांचा विनोद तसा बरा होताच. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ही मंडळी डॉक्टरांना हसत नाहीयेत.

“म्हणजे,” त्यांनी विचारलं, “यंत्र वास घेत नाही?”

हसणं एकदम थांबलं.

वकीलबाईंनी पटकन एक कागद पुढे केला. पाइप कंपनीचे वकील हा व्हिडिओ उद्या शोधून काढतील, तेव्हा हाताशी असावा म्हणून. सरांनी फक्त सही करायची होती. सरांनी चष्मा लावून वाचलं: ‘या यंत्राचं तत्त्व मला समजलेलं नाही.’

पुन्हा एकदा वाचलं. मग खिशातलं पेन काढून एका शब्दावर काट मारली.

“इथे चूक आहे. सांगूनही ज्याला समजलं नाही तो एक, आणि ज्याला सांगितलंच नाही तो दुसरा. या दोघांना मी पस्तीस वर्षांत कधी एका बाकावर बसवलं नाही.” त्यांनी वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सांगितलेलं’, आणि खाली सही ठोकली.

“हे तर आणखी उत्तम,” वकीलबाई म्हणाल्या. “पण सर, मग ते वासाचं कुठून काढलंत?”

सरांनी लेकीकडे बघितलं. ती अजून टेबलाकडेच बघत होती.

“काढलं कुठूनतरी,” सर म्हणाले. “उचलली जीभ, लावली टाळ्याला. आपली सवयच तशी.”

“नाही,” चिंगी म्हणाली. “मी सांगितलं होतं. बाबांनी तीन वेळा विचारलं होतं, यंत्र चालतं कसं. तिसऱ्या वेळी मी जेवत होते, हातात मोबाइल होता. म्हटलं, वास घेतं समजा.”

“शाब्बास!” मालकीणबाईंनी टेबलावर थाप मारली. “घरच्यांनासुद्धा चकवलंस! याला म्हणतात गुप्तता. अगं, वाचवलंस आम्हाला!”

आता नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण चिंगीने मान डोलावली नाही.

“गुप्तता कसली डोंबलाची,” ती म्हणाली. “कंटाळा केला मी. बाबांना सांगायचा कंटाळा केला.” तिने पहिल्यांदाच वर बघितलं. “आणि त्यांनी ते खरं मानून चाळीस लोकांना शिकवलं.”

“चला बाबा, आता दाखवते,” म्हणत ती उठली, तशी वकीलबाई आडव्या आल्या. आधी गुप्ततेच्या कागदावर सही, मगच पुढचं! किराण्याची यादीसुद्धा दोनदा वाचणाऱ्या सरांनी त्या कागदावर न वाचता सही केली.

“या बाबा. इथे, सिंकखाली.”

सर इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर गुडघे टेकून बसले आणि पाइपला कान लावला. चिंगीने नळ पूर्ण सोडला.

“यंत्र पाणी क्षणभर बंद करतं, बस. पाण्याला ते कळलेलं नसतं, ते येऊन आपटतं. तो धक्का पाइपमधून लांब जातो आणि परत येतो. पाइप कुठे फुटला असेल, तर तिथून थोडा आधीच परत येतो. तो किती आधी आला, ते यंत्र मोजतं. आता नीट ऐका हं.”

तिने नळ खटकन बंद केला. पाइपमध्ये धप्प झालं, आणि त्याच्या मागोमाग, लांबून, बारीकसा एक ठोका परत आला. सरांना तो स्वच्छ ऐकू आला. त्यांना सगळं समजलंही. वासापेक्षा कितीतरी सोपं होतं.

“आलं ऐकू?” चिंगी त्यांच्या शेजारी उकिडवी बसली होती. मोबाइल कुठेतरी टेबलावर वाजत होता, आणि ती उठत नव्हती.

“नाही गं,” सर म्हणाले. “परत सांग.”